पाण्यावरचा तवंग

ताई : हातमोजे घालून? माशांना खायला घालायला हातमोजे?

मिस्त्री : त्यात काय झालं? नवे आहेत. खालच्या गॅरेजमधले नाहीत.

ताई : मी हॉस्टेलच्या मेसमध्ये एवढ्या पोरांचं जेवण उघड्या हातांनी करते, अजून एकही मेलं नाही. आणि माझा धाकटा भाऊ चिमूटभर दाणे टाकायचे म्हणून ऑपरेशनला निघाल्यासारखा सजून उभा आहे.

मिस्त्री : तुझे हात पिठाचे, ताई. माझे ग्रीसचे. रॉकेलने धुवा, साबणाने घासा, नखांत राहतंच. हसू नकोस. इकडे ये, टाकीत वाकून बघ, मग कळेल.

ताई : बघते, पण आधी हे वरचं प्लास्टिक काढ. काय माशांना गुंडाळून ठेवलंयस. बाजारात न्यायचेत का?

मिस्त्री : खाली ग्राइंडर चालतो. धूळ जिन्याने वर येते.

ताई : अरे... हे काय रे? केवढा तवंग हा.

मिस्त्री : तेच तर. गाडी धुतल्यावर डबक्यावर येतो तसा. जरा या बाजूने बघ, खिडकीकडून. जांभळा दिसतो, हिरवा दिसतो. वाटीने काढायला गेलो तर वाटीच्या कडेने निसटतो. काढला तरी दुसऱ्या दिवशी परत हजर.

ताई : आणि मासे सगळे वर का जमलेत? तोंड उघडून?

मिस्त्री : भूक. फार खातात. मी वर आलो की असेच तोंडं वर करून उभे. म्हणून जरा वेळ मिळाला की येतो, टाकतो थोडं. सकाळी टाकतो, चहाला आलो की टाकतो, जेवायला आलो की टाकतो.

ताई : तरी सगळे वाळलेलेच दिसतात. एवढं खाऊन अंगी लागत नाही म्हणजे तुझ्यावरच गेलेत. बरं, लेक कधी येते तुझी, खारू?

मिस्त्री : दुपारी. शाळा सुटली की. पण ती राहायला येत नाहीये आज.

ताई : म्हणजे?

मिस्त्री : टाकी न्यायला येते. तिच्या आईचा फोन आला होता सकाळी. म्हणाली, मासे मरायला लागले असतील तर आमची टाकी आम्हाला परत द्या, तिथे काही जगायचं नाही. मी म्हणालो, बरं.

ताई : बरं म्हणालास.

मिस्त्री : मग काय म्हणू?

ताई : काहीही म्हण. खोकलास तरी चाललं असतं. बरं कसला म्हणतोस तू? ती एक बाई बोलायला लागली की तुझ्या जिभेला गंज चढतो. गिऱ्हाइकाशी भांडताना तर अख्खी गल्ली गोळा करतोस.

मिस्त्री : ताई, ते जाऊ दे. ऐक. टाकी आल्यापासून खारू इकडे जास्त यायला लागली होती. आधी कशी यायची, महिन्यातून एकदा, आईने सोडलं की घड्याळ बघत बसायची. काय बोलायचं तिच्याशी मला कळायचं नाही, तिला तर नाहीच नाही. टाकी आली आणि ती आपणहून यायला लागली. इथे स्टूल ओढून बसते आणि बोलते. माशांबद्दल बोलते, मग शाळेबद्दल, मग कुणाशी पटत नाही ते. टाकी गेली की हे गेलं. एवढं सरळ आहे.

ताई : मग जाऊ द्यायची नाही.

मिस्त्री : कशी ठेवू? एक मेलाय काल. काळ्या शेपटीचा. तिचा सगळ्यात लाडका. म्हणून तर तुला बोलावलं. तू जरा थांब इथे, मी माशांच्या दुकानातून तसाच एक घेऊन येतो. खारू आधी आली तर तिला गप्पांत गुंतव.

ताई : नाही.

मिस्त्री : अगं पाच मिनिटांचं काम.

ताई : तू खोटं बोलणार आणि मी त्याच्यावर खुर्ची टाकून बसणार? जमणार नाही. आणि सहावीतली पोरगी आहे ती, आंधळी नाही. तिने माशाला ओळखलं नाही तर मी मेसची नोकरी सोडीन.

मिस्त्री : मग मी काय सांगू तिला? तुझ्या बापाच्या हातचं तेल पाण्यात उतरलं आणि तुझा मासा गुदमरला?

ताई : कुणी सांगितलं तुला हे तेल आहे म्हणून?

मिस्त्री : दिसतंय की. आयुष्य तेलात गेलं माझं, मला तेल ओळखता येणार नाही?

ताई : तुला सांगितलं कुणी, ते विचारतेय मी. बघितलंस कधी ते नाही विचारलं.

मिस्त्री : सांगायला कशाला पाहिजे. ती पूर्वीपासून म्हणायचीच. ह्याचा हात लागला की वस्तू काळी होते. सोफ्याला, पडद्याला, फ्रिजच्या दाराला. खारू झाली तेव्हा माझ्याकडे द्यायच्या आधी माझ्या मांडीवर टॉवेल अंथरायची.

ताई : ते सगळ्याच आया अंथरतात रे वेड्या. पोरं मुततात.

मिस्त्री : तिच्या स्वतःच्या मांडीवर नाही अंथरायची.

ताई : ...हं. बरं. ते वेगळं. त्याचा हिशेब मी तिच्याशी करीन एकदा. आधी हे सांग, हा खाली तोंड केलेला नळ कसला?

मिस्त्री : फिल्टर आहे तो. पाणी आत ओढतो, स्पंजातून गाळून बाहेर सोडतो. त्याचं तोंड वर होतं, वरचं पाणी सारखं खळबळायचं. मी खाली वळवलं.

ताई : का?

मिस्त्री : हे बघ, तुला कळणार नाही, पण सांगतो. इंजिनात ऑइल आणि पाणी एकत्र झालं ना, आणि वर घुसळलं गेलं, की त्याचं दूध होतं. रेडिएटर उघडला की आत दुधट चिखल. एकदा घुसळलं की ते वेगळं करायला देवसुद्धा नको म्हणतो. म्हणून तेल पडलंय म्हटल्यावर पहिलं काम काय, पाणी हलवायचं नाही. तेल वर राहतं, खालचं पाणी साफ राहतं.

ताई : म्हणजे तू ही टाकी रेडिएटर समजून सांभाळतोयस.

मिस्त्री : पाणी ते पाणीच.

ताई : आणि दुकानदार काय म्हणाला? विचारलंस का दाणे आणताना?

मिस्त्री : विचारलं होतं.

ताई : मग?

मिस्त्री : म्हणाला, वरचं पाणी हलतं ठेवा आणि खाणं कमी करा. मला वाटलं ह्याला काय कळतंय तेलातलं. हा मासे विकणारा माणूस.

ताई : माशांचं औषध मासे विकणाऱ्याला विचारायचं आणि ऐकायचं मात्र इंजिनाचं. धन्य. ते हातमोजे काढ.

मिस्त्री : कशाला?

ताई : काढ म्हणते ना. नुसत्या पाण्याने हात धू, साबण लावू नकोस. आता ये. बोट घाल त्या तवंगात.

मिस्त्री : ताई, उगाच अजून—

ताई : घाल. तेलातला माणूस ना तू? मग डोळ्यांनी काय बघतोस, हाताने बघ. खाली गाडी आली तर असाच लांबून बघून सांगतोस का काय बिघडलंय ते?

मिस्त्री : ...घातलं.

ताई : काय झालं?

मिस्त्री : फाटला.

ताई : म्हणजे?

मिस्त्री : थांब. परत बघू दे. इकडून. ...हा पण फाटला. तुकडे पडतायत. जुन्या रंगाचे पापुद्रे सुटतात बघ, तसे. कडा तशाच उभ्या राहतायत.

ताई : त्याचं काय एवढं?

मिस्त्री : तेल असं करत नाही. तेलात बोट घालून काढलं की मागे लगेच मिटतं. जागा धरून राहत नाही ते, धावून येतं. हे मिटत नाहीये. बघ तू. मिटतच नाहीये.

ताई : मग तेल नाही.

मिस्त्री : तेल नाही हे.

ताई : आवाज का असा झाला तुझा? बस खाली. त्या स्टुलावर बस.

मिस्त्री : मी महिनाभर टाकीला हात लावला नाही, ताई. काच पुसायची तर काठीला फडकं बांधून पुसतो. खारू म्हणाली, बाबा, हातावर दाणे ठेव, ते येऊन खातात, गुदगुल्या होतात. मी म्हटलं, नको, तूच कर.

ताई : तिला काय वाटलं असेल, बापाला किळस येते.

मिस्त्री : असेल.

ताई : बरं, आता रडू नको, माझ्या गुडघ्यांना तेवढा वेळ उभं राहवत नाही. तेल नाही तर काय आहे ते बघू. वास घे. मी घेते. ...कुजका आहे जरा. भांड्यात रात्रभर खरकटं भिजत राहिलं की येतो तसा. तळाशी बघ काय साचलंय. वाळूवर ते तपकिरी काय?

मिस्त्री : दाणे. उरलेले.

ताई : उरलेले. म्हणजे खात नाहीत ते.

मिस्त्री : पण मागतात तर सारखं. तोंड उघडून...

ताई : बाबू. आमच्या मेसमध्ये चुलीचा पंखा बंद पडला होता मागे. धुराने सगळ्या बायका खिडकीशी जाऊन तोंड उघडून उभ्या होत्या. भूक लागली म्हणून नाही उभ्या राहिल्या.

मिस्त्री : म्हणजे हे मासे...

ताई : श्वास घेतायत रे ते. वरून झाकण तू लावलंस, प्लास्टिकचं. खाली दुसरं झाकण ह्या कुजक्या सायीचं. पाणी हलायचं बंद केलंस. हवा शिरायची कुठून? ते बिचारे वर येऊन तोंड वासतात आणि तू त्यांना अजून खायला टाकतोस. ते अजून कुजतं, साय अजून जाड होते, ते अजून तोंड वासतात.

मिस्त्री : आणि मी अजून टाकतो.

ताई : आणि तू अजून टाकतोस. हातमोजे घालून.

मिस्त्री : बास. कळलं. काय करायचं आता? ती येईल.

ताई : कागदी रुमाल आहेत का? वासाचे नको, साधे.

मिस्त्री : ड्रॉवरमध्ये. कशाला?

ताई : सूपवर चरबी धरली की मी काय करते? कागद पसरते अलगद, चिकटली की उचलते. धर हे टोक. दाबायचं नाही, फक्त टेकवायचं. हं. आता तुझ्याकडून उचल, सावकाश, घडी घातल्यासारखं... बघ. बघ कसा आला सगळा.

मिस्त्री : शेंबडासारखा आहे.

ताई : जेवणखाण करणाऱ्या बाईसमोर तरी शब्द नीट वापर. दुसरा दे. तो बारका मासा बाजूला हो म्हणावं, कागदात येईल. ...आता तो नळ वर वळव तुझा.

मिस्त्री : फिल्टर.

ताई : जे असेल ते. वळव. पाण्याच्या जरा खाली ठेव, वर सुरकुत्या पडल्या पाहिजेत. हं, अशा. आणि जुनं पाणी थोडं काढ. नळाचं थेट ओतू नये म्हणतात ना?

मिस्त्री : बादलीत भरून ठेवलंय कालपासूनचं. तेवढं माहीत आहे मला. नळी लावून तळाचे दाणे पण ओढून घेतो. पेट्रोल काढायची सवय आहे मला.

ताई : तोंडाने ओढू नकोस म्हणजे झालं.

मिस्त्री : ...ओढलं.

ताई : अरे थूक, थूक. चूळ भर. गाढवा.

मिस्त्री : पेट्रोलपेक्षा बरं आहे.

ताई : हसलास. चला, एवढं तरी झालं. आता चहा टाक. उभं राहून बघत बसलं म्हणून ते लवकर श्वास घेणार नाहीत.

मिस्त्री : टाकतो. तू नजर ठेव.

ताई : ठेवते. साखर कमी. ...बाबू.

मिस्त्री : काय? मेला?

ताई : अरे नाही. तो पिवळा खाली गेला. मघापासून वर चिकटला होता, आता खाली त्या दगडाशी फिरतोय. दुसरा पण जातोय त्याच्या मागे. तू का धावत आलास, चहा उतू जाईल.

मिस्त्री : जाऊ दे. खरंच गेले गं खाली. तोंडं मिटलीत. बघ, मिटलीत तोंडं.

ताई : बघतेय मी.

मिस्त्री : मला वाटलं होतं आज सगळं संपणार.

ताई : गॅस बंद कर आधी.

(दारावर थाप. खारू आत येते, पाठीवर दप्तर, हातात झाकणाची रिकामी बादली.)

खारू : आत्या, तू पण आहेस? बाबा, काहीतरी जळलंय.

मिस्त्री : चहा उतू गेला. ये. बूट काढ. नको काढूस, खाली पाणी सांडलंय.

खारू : वरचं पाणी हलतंय.

मिस्त्री : हलतंय.

खारू : साय कुठे गेली?

मिस्त्री : तुला साय कशी माहीत? मी प्लास्टिक घालून ठेवायचो तू यायच्या आधी. दिवापण बंद करायचो.

खारू : हो, ते वेड्यासारखं दिसायचं. पण साय तर आमच्याकडे असल्यापासून होती ना.

ताई : काय म्हणालीस?

खारू : आईकडे. आई फिल्टर बंद ठेवायची, त्याचा आवाज तिच्या फोनमध्ये जातो म्हणून. मग वर ते रंगीत रंगीत जमायचं. दोन मासे तिथेच मेले. बाबा, तुला आईने सांगितलं नाही?

मिस्त्री : नाही.

खारू : मला वाटलं सांगितलं असेल.

मिस्त्री : पण तू आणलीस तेव्हा टाकी चकचकीत होती.

खारू : आदल्या दिवशी मी घासली ना. सगळं पाणी बदललं. खराब वस्तू दिली असं वाटलं असतं तुला.

मिस्त्री : मग मला दिलीस कशाला?

खारू : दुरुस्त करायला. तू करतोस ना सगळं दुरुस्त. लोक बंद पडलेली गाडी घेऊन येतात, तशी मी टाकी आणली. पण मग तू काहीच करेनास, हात पण लावेनास. मला वाटलं तुला आवडली नाही.

ताई : ऐकलंस? दोन तिच्याच घरी मेले होते. आणि सकाळी फोन करून म्हणे तिथे काही जगायचं नाही. थांब, लाव गं तुझ्या आईला फोन. मीच बोलते. एकदा सगळं—

मिस्त्री : ताई.

ताई : तू बरं म्हणालास म्हणून मी पण बरं म्हणायचं का? इतकी वर्षं माझ्या भावाचे हात—

मिस्त्री : ताई. पोर उभी आहे.

ताई : ...बरं. नाही बोलत. चहाचं भांडं घासते. आपटलं तर आवाज सहन करा.

खारू : आई वाईट नाहीये, आत्या. ती घरूनच काम करते, दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात फोनवर. मग तिला कुठलाच आवाज नको असतो.

ताई : मी कुठे काय म्हटलं.

मिस्त्री : खारू, इकडे ये. बस. एक सांगायचंय. काळ्या शेपटीचा गेला. काल.

खारू : ...कशाने?

मिस्त्री : माझ्यामुळे. मला वाटलं, माझ्या हातांचं तेल पाण्यात उतरतंय. म्हणून पाणी हलायचं बंद केलं आणि वरून झाकलं. त्यांना श्वास घेता येईना. ते वर यायचे, मला वाटलं भूक, मी खायला टाकत राहिलो. आज आत्यामुळे कळलं. मघाशी तसाच दुसरा विकत आणणार होतो मी. तुला कळू नये म्हणून.

खारू : मला कळलं असतं. त्याच्या शेपटीला एक चीर होती.

ताई : (आतून) वाचली माझी नोकरी.

खारू : कुठे टाकलास त्याला?

मिस्त्री : टाकला नाही. खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीत पुरला.

खारू : आईने फ्लश केले होते. मी शाळेतून यायच्या आधीच.

मिस्त्री : रडायचं असेल तर रड.

खारू : नंतर रडेन, घरी. बाबा, हातांचं तेल उतरलं असतं तर मला आधी नसतं झालं का काही? मला तर तू लहानपणापासून उचलतोस.

मिस्त्री : हे माझ्या डोक्यात नाही आलं.

खारू : हात दे. घाल पाण्यात. असा, उघडा. एक दाणा ठेवते, एकच. हलू नकोस. तू खूप हलतोस.

मिस्त्री : मी हलत नाहीये. पाणीच हलतंय.

खारू : थांब. येतील. आधी घाबरतात... आला. पिवळा आला.

मिस्त्री : अरे. हा तर... ताई, बाहेर ये. चावतोय हा. दातच नाहीत ह्याला.

ताई : मला कशाला दाखवतोस, मी काय मासा बघितला नाही कधी. ...बघू. सरक. हं. खातोय की रे हा, तुझ्या काळ्या हाताचं.

मिस्त्री : खातोय.

ताई : बरं, मी निघते. मेसमध्ये संध्याकाळची कणीक पडलीय. खारू, ही बादली कशाला आणलीस ते लक्षात आहे ना? तुझ्या बापाच्या तोंडून ते निघायचं नाही, म्हणून मीच विचारते. टाकी नेणार आहेस?

खारू : आई म्हणाली मासे मरत असतील तर घेऊन ये.

मिस्त्री : एक मेलाय. ने म्हणत असशील तर मी खाली गाडीत ठेवून देतो. काच हलू नये म्हणून मध्ये गोधडी घालू.

ताई : हे बघा. ह्याला कुणी विचारलं पण नाही अजून.

खारू : तिथे नेली की फिल्टर परत बंद होईल. आणि इथे राहिली तर तू खायला घालून मारशील.

मिस्त्री : आता नाही घालणार तेवढं.

खारू : घालशील. तुला कुणी तोंड उघडून बघितलं की राहवत नाही. मलापण जेव म्हणतोस दर वेळी. दाण्यांचा डबा माझ्या दप्तरात राहील. खायला मी घालणार.

मिस्त्री : म्हणजे टाकी इथे?

खारू : टाकी इथे. आईला मी सांगते. तू सांगायला गेलास की बरं म्हणून येशील.

ताई : ही पोरगी माझ्यावर गेली. जाते मी. जीव भांड्यात पडला, आता कणीक मळायला हरकत नाही.

मिस्त्री : ताई, जरा थांब तरी. चहा...

ताई : चहा शेगडीने प्यायला. बसा दोघं.

मिस्त्री : खारू, डबा तुझ्याकडे म्हणजे तू रोज येणार?

खारू : रोज नको. एक दिवसाआड पुरतं त्यांना.

मिस्त्री : एक दिवसाआड. चालेल. एक दिवसाआड तर एक दिवसाआड. सुट्टीच्या दिवशी नाही ना जमणार पण?

खारू : सुट्टीच्या दिवशी मासे कुठे जातात, बाबा?